घरी आणलेल्या मांजराच्या पिल्लाचं आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं पिल्लू घरी आल्यावर लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे आणि अपवादाचे नंतर. औषधांची मात्रा मुद्दाम कुठेच दिलेली नाही. ती पिल्लाच्या त्या दिवशीच्या वजनावर ठरते आणि पशुवैद्यांनीच ठरवायची असते. पिल्लाची तब्येत आत्ता बिघडलेली असेल तर बाकी सगळं सोडून प्रश्न २ वाचा.

१. पिल्लू आजच आलं. खेळतंय, खातंय. तरी डॉक्टरांकडे न्यायला हवं का?

हो, दोन-तीन दिवसांच्या आत. वरून ठणठणीत दिसणाऱ्या पिल्लाच्या टाळूला फट असू शकते, बेंबीपाशी हर्निया असू शकतो, हृदयात वेगळा आवाज असू शकतो. हे आपल्याला घरी कळत नाही. जाताना त्याच दिवशीची शी एखाद्या छोट्या डबीत घ्या. जंतांची अंडी आणि कॉक्सिडियासारखे परजीवी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. आधी कुणी लस किंवा जंतांचं औषध दिलं असेल तर त्याचा कागद किंवा निदान नाव-तारीख सोबत असू द्या. पिल्लू हातात धरून नेऊ नका. झाकण लागणारी पेटी किंवा कॅरियर घ्या आणि आत त्याच्या वासाचं फडकं टाका. घाबरलेलं पिल्लू दवाखान्याच्या दारातून निसटलं तर सापडत नाही.

२. कोणती लक्षणं दिसली तर सकाळपर्यंतसुद्धा थांबायचं नाही?

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं किंवा श्वासासाठी पोट जोरात आत-बाहेर होणं. हिरड्या पांढऱ्या, राखाडी किंवा निळसर दिसणं. त्या गुलाबी असायला हव्यात. अंग गार लागणं, उचललं तर मान टाकणं, झटके येणं. उलट्या आणि जुलाब एकत्र सुरू होणं. शीत रक्त बऱ्यापैकी असणं. लघवीला बसून जोर करणं पण थेंबही न येणं. विषारी काही चाटल्याची शंका असणं. आणि आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाने बारा तासांत काहीही न खाणं.

मोठं मांजर एखादा दिवस उपाशी राहिलं तर निभावून नेतं. पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा नावापुरता असतो, म्हणून काही जेवणं चुकली की रक्तातली साखर खाली येते, मग अंग गार पडतं, मग आतडी काम थांबवतात. हे सगळं काही तासांत होतं. 'काल संध्याकाळी थोडं मलूल वाटलं, सकाळी बघू म्हटलं' या वाक्याने सुरू होणारे निरोप मला सर्वात जास्त खुपतात.

निघताना पिल्लाला मऊ कापडात गुंडाळून ऊब द्या. पिल्लू ग्लानीत असेल तर साखरेच्या दाट पाण्याचे एक-दोन थेंब बोटाने हिरड्यांवर चोळा. घशात काहीही ओतू नका. आणि ते घुरघुरतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. मांजरं दुखतानाही घुरघुरतात.

३. पिल्लाचं वय कुणालाच माहीत नाही. अंदाज कसा करायचा?

डोळे मिटलेले असतील तर ते साधारण आठवड्याच्या आतलं. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, सुरुवातीला सगळ्यांचेच निळे असतात. तीन आठवड्यांच्या सुमाराला कान ताठ होतात, चाल लटपटती असते आणि पुढचे बारीक दात हिरडीतून टोचू लागतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत दाढा येतात, पिल्लू पळू लागतं. सहा-सात आठवड्यांनंतर डोळ्यांचा खरा रंग उतरतो. दुधाचे दात साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान पडून कायमचे येतात, त्या काळात जमिनीवर एखादा तांदळाएवढा दात सापडला तर घाबरायचं कारण नाही.

वजनावरूनही अंदाज येतो: नीट पोसलेलं पिल्लू महिन्याला साधारण ४५० ग्रॅमच्या हिशोबाने वाढतं. पण उपाशी राहिलेलं पिल्लू वयापेक्षा लहान दिसतं, म्हणून दात आणि वजन यांचं जुळत नसेल तर दातांवर विश्वास ठेवा.

४. रोज वजन करा असं सगळे सांगतात. खरंच एवढं गरजेचं आहे?

आहे. एकच वस्तू विकत घेणार असाल तर ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. खेळणी, गादी, गळ्यातला पट्टा नंतर.

जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि नंतर दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढतं. आजाराची पहिली खूण बहुतेक वेळा हीच वाढ थांबण्यात दिसते, जुलाब आणि मलूलपणा त्यानंतर येतो. रोज एकाच वेळी, शक्यतो खाण्याआधी, काट्यावर भांडं ठेवून त्यात पिल्लू बसवा आणि आकडा लिहून ठेवा. आठवणीत ठेवलेला आकडा नेहमी आपल्या सोयीचा असतो. एक दिवस वजन जागच्या जागी राहिलं तर लक्ष ठेवा. दोन दिवस राहिलं किंवा कमी झालं तर डॉक्टरांना कळवा. चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर एका दिवसाची घटही पुरेशी आहे, थांबू नका.

आठ-दहा आठवड्यांनंतर पिल्लू व्यवस्थित असेल तर आठवड्यातून दोनदा वजन केलं तरी चालेल. मला पिल्लाचे फोटो पाठवून 'हे बारीक वाटतंय का' असं विचारणारे खूप जण असतात. फोटोवरून काही सांगता येत नाही. चार दिवसांचे आकडे पाठवा.

५. गायीचं दूध देऊ का? पिल्लू आवडीने पितं.

देऊ नका. आवडतं हे खरं, पण त्यातली लॅक्टोज साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. शिवाय मांजरीच्या दुधाच्या मानाने त्यात प्रथिनं आणि चरबी कमी पडते. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर लागते, ती पाकिटावरच्या प्रमाणातच कालवायची. पातळ केली तर पिल्लू वाढत नाही, घट्ट केली तर पोट बिघडतं.

चार आठवड्यांनंतर त्याच दुधात पिल्लांसाठीचं ओलं खाणं कालवून ताटलीत ठेवायला लागा. आठ आठवड्यांचं पिल्लू पूर्णपणे पिल्लांच्या खाण्यावर असायला हवं, दिवसातून चार वेळा तरी. सोबत साधं पाणी, खाण्याच्या ताटलीपासून जरा लांब.

६. मांजराला शाकाहारी ठेवता येईल का? किंवा घरातल्या कुत्र्याचंच खाणं दिलं तर?

दोन्ही नको. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल खाण्यातून मिळावंच लागतं, ते मांसातच असतं आणि पुरेसं बनवणं मांजराच्या शरीराला जमत नाही. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा आणि हृदयाचे स्नायू खराब होतात. कुत्र्याच्या खाण्यात ते मांजराला पुरेल इतकं असेलच असं नाही. घरी मांस हाताळायचं नसेल तर तयार डबाबंद खाणं हा सरळ मार्ग आहे. नुसतं उकडलेलं चिकन किंवा नुसता मासा रोज दिला तरी भागत नाही. त्यात कॅल्शियमचं प्रमाण बिघडतं आणि वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात.

७. आई नसलेलं, डोळेही न उघडलेलं पिल्लू मिळालं आहे. कसं जगवायचं?

आधी एक विचारतो: आई खरंच नाही ना? मांजरी पिल्लं सोडून काही तास बाहेर जाते, कधी एकेक पिल्लू दुसऱ्या जागी हलवत असते. पिल्लू गरम, पोट भरलेलं आणि शांत असेल तर लांबून वाट पाहा. गार, मळलेलं आणि सतत ओरडणारं असेल तर उचला.

उचलल्यावर पहिलं काम ऊब. दूध नंतर. गार पडलेल्या पिल्लाची आतडी हलत नाहीत. तशात दूध पाजलं तर ते पोटात आंबतं किंवा फुप्फुसात जातं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पेटीच्या अर्ध्या भागातच ठेवा, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा राहील. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवतीची हवा २९ ते ३२ अंश सेल्सिअस लागते. गार पिल्लाला एकदम तापवू नका, तासा-दोन तासांत हळूहळू गरम करा.

अंग ऊबदार झालं की कोमट दूध बाटलीने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने. पिल्लू पोटावर, आईखाली असतं तसं. माणसाच्या बाळासारखं पाठीवर झोपवून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. हातावर वाढवलेली पिल्लं दगावण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करून नाक पुसा, आणि पुढे श्वासाचा आवाज बदलला तर दवाखाना गाठा. १०० ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी साधारण ४ मिलिलिटर मावतं, म्हणून थोडं-थोडं आणि वारंवार: पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी.

प्रत्येक वेळी पाजण्याच्या आधी किंवा नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच चोळून शी-शू करवावी लागते. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला ते स्वतः जमत नाही, आई चाटून करवते. लघवी फिकट हवी. गडद पिवळी असेल तर अंगात पाणी कमी आहे.

मिटलेल्या पापण्यांमागे फुगवटा दिसला तर आत पू साठलेला असतो. डोळे उघडायची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

८. नव्या घरात आल्यापासून पिल्लू पलंगाखाली बसलंय, खात नाही. किती वाट पाहायची?

लपणं साहजिक आहे, न खाणं नाही. पूर्ण घर एकदम मोकळं न सोडता एका लहान खोलीत ठेवा: एका कोपऱ्यात लिटर (शी-शू करायला भुसा किंवा वाळू भरलेली पेटी), दुसऱ्यात खाणं, आणि लपायला आडवा खोका. आधी जे खात होतं तेच द्या, थोडं कोमट करून, म्हणजे वास येईल. माणसांनी जमिनीवर बसावं, हात पुढे करू नये. दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाची सवय सर्वात सहज लागते. त्यापुढच्या पिल्लाला जास्त वेळ द्यावा लागतो इतकंच. किती तास उपाशी चालेल याची मर्यादा प्रश्न २ मध्ये आहे. आठ आठवड्यांहून मोठ्या पिल्लासाठी ती फार तर चोवीस तास समजा.

९. दिवसभर झोपतंच. आजारी आहे का?

दिवसातून अठरा-वीस तास झोपणं पिल्लाला नेहमीचं आहे. जागं असतानाच्या वेळात ते उड्या मारतं का, खाण्याच्या आवाजाला येतं का, ते पाहा. जागं असूनही कोपऱ्यात अंग चोरून बसत असेल तर वजन करा आणि दाखवा.

१०. लिटर कोणतं वापरायचं? पिल्लू ते खातं!

पिल्लं लिटर चाखून बघतात. म्हणून चार महिन्यांपर्यंत गोळा होणारं लिटर नको, पोटात जाऊन ते घट्ट होतं. कागदाच्या किंवा लाकडाच्या गोळ्यांचं चालेल. कडा एवढ्या बुटक्या हव्यात की पिल्लाला सहज चढता यावं. मांजरं जितकी, त्याहून एक जास्त पेटी ठेवा. लिटर खाणं कमी न होता वाढत असेल आणि हिरड्याही फिकट असतील तर रक्तक्षय आहे का ते तपासून घ्या. पिसवा आणि जंत ही त्याची नेहमीची कारणं.

११. लसी कोणत्या आणि कधी?

मुख्य लस तीन आजारांवर एकत्र असते: पॅनल्युकोपेनिया (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार), हर्पिस आणि कॅलिसी (सर्दीसारखा त्रास देणारे दोन विषाणू). सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी एक, वय किमान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. त्यानंतर सहा महिने ते एक वर्ष या वयात एक बूस्टर. रेबीजची लस बारा आठवड्यांपासून, वर्षाने पुन्हा. फेलाइन ल्युकेमिया या मांजरांतल्या विषाणूजन्य आजाराची लसही पिल्लांना देण्याची शिफारस असते. ती घेण्याआधी रक्ताची चाचणी करतात, तिच्याविषयी प्रश्न २४ मध्ये.

लसीनंतर एक-दोन दिवस सुस्ती आणि टोचल्या जागी लहान गाठ येऊ शकते. चेहरा सुजला, उलट्या झाल्या, धाप लागली तर लगेच परत जा. गाठ महिन्यानंतरही वाढत असेल, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली असेल किंवा तीन महिने टिकली असेल तर ती तपासलीच पाहिजे.

१२. एकच लस तीन-तीनदा कशाला? एक डोस झाला, आता पुरे ना?

हा प्रश्न चुकीचा नाही, पण उत्तर 'पुरे नाही' असंच आहे. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला तयार प्रतिपिंडं मिळतात. ती अंगात असेपर्यंत पिल्लाचं रक्षण करतात आणि लसीचा परिणामही पुसून टाकतात. ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं: कुणाची आठव्या आठवड्यात, कुणाची सोळाव्याच्या आसपास. बाहेरून बघून कळत नाही. म्हणून डोस पुन्हापुन्हा देतात, त्यातला एक तरी योग्य वेळी लागू पडावा यासाठी. सोळा आठवड्यांनंतरचा डोस त्यातला सर्वात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक चुकवतात.

मधला डोस काही दिवसांनी लांबला तर डॉक्टर बहुतेक पुढचा डोस देऊन वेळापत्रक पुढे नेतात. फार मोठी खंड पडली असेल तर किती डोस पुन्हा घ्यायचे ते तेच ठरवतील. शेवटचा डोस होऊन आठवडा-दोन आठवडे जाईपर्यंत पिल्लाला बाहेरच्या मांजरांत सोडू नका.

१३. जंत दिसत नाहीत. तरी औषध द्यायचं?

द्यायचं. गोल जंतांच्या अळ्या आईच्या दुधातूनच पिल्लात येतात, म्हणून जवळजवळ प्रत्येक पिल्लाला ते आहेत असं धरून चालतात. दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, आठ आठवड्यांपर्यंत. मग सहा महिने होईपर्यंत महिन्यातून एकदा. औषध दिल्यावर शीत शेवयांसारखे जंत पडले तर औषध काम करतंय.

शेपटीभोवती तांदळाच्या दाण्यांसारखे वळवळणारे तुकडे दिसले तर तो टेपवर्म, म्हणजे चपटा जंत. त्याचं औषध वेगळं असतं. तो पिसू गिळल्याने होतो, त्यामुळे पिसवा घालवल्या नाहीत तर तो परत येतो.

१४. पोट ढोलासारखं आहे. पोट भरलेलं असेल का?

जेवल्यावर गोल आणि तासाभरात उतरणारं पोट ठीक. कायम फुगलेलं, पाठीचा कणा मात्र हाताला लागणारा, अशा पिल्लाला बहुधा जंत असतात. जंतांचं औषध दोनदा होऊनही पोट वाढतंच आहे, ताप येतो-जातो, वजन घटतंय, तर डॉक्टरांना एफआयपीबद्दल विचारा. मांजरांतल्या कोरोना विषाणूच्या बदललेल्या रूपामुळे तो होतो आणि दोन वर्षांच्या आतल्या मांजरांत जास्त दिसतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो जवळपास निश्चित मृत्यू मानला जाई. आता जीएस-४४१५२४ या औषधाने बरीच मांजरं बरी होतात, फक्त उशीर नको.

१५. पिसवा झाल्यात. कुत्र्यासाठी आणलेलं औषध थोडंसं लावू का?

अजिबात नाही, थेंबभरही नाही. कुत्र्यांच्या मानेवर लावायच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराचं यकृत ते मोडू शकत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, पिल्लू मरू शकतं. चुकून लागलंच असेल तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने धुऊन तसंच दवाखान्यात न्या.

मांजरांच्या औषधांनाही वयाची आणि वजनाची किमान मर्यादा असते. त्याहून लहान पिल्लाला बारीक दातांच्या फणीने विंचरायचं, फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. पिसवा खूपच असतील तर कोमट पाण्यात साबणाची अंघोळ. आधी मानेभोवती साबणाचं कडं करा, नाहीतर सगळ्या पिसवा डोळ्या-कानांकडे पळतात. पाच मिनिटांत उरका आणि लगेच पूर्ण कोरडं करा. एरवी पिल्लाला अंघोळीची गरज नसते.

अंथरूण गरम पाण्यात धुवा, फटी व्हॅक्यूम करा. पिसवांची अंडी आणि कोष अंगावर कमी आणि घरात जास्त असतात. मोठ्या मांजराला पिसवांनी फक्त खाज सुटते. पिल्लाचं रक्त त्या इतकं पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात. तसं दिसलं तर प्रश्न २.

१६. जुलाब होतायत, पण पिल्लू खेळतंय. घरी काय करू?

आधी आठवा: खाणं अचानक बदललं का? दूध दिलं का? एक-दोनदा पातळ शी झाली, खाणं-खेळणं नीट आहे आणि वजन टिकून आहे तर आधीच्या खाण्यावर परत या आणि दिवसभर पाहा. उपाशी ठेवून पोटाला विश्रांती देण्याचा सल्ला पिल्लाच्या बाबतीत ऐकू नका. माणसांची जुलाब थांबवायची गोळीही देऊ नका.

दिवसभरात थांबलं नाही तर शीची तपासणी करा. कॉक्सिडिया आणि जिआर्डिया हे पिल्लांत सर्रास आढळतात, आणि कॉक्सिडिया जंतांच्या नेहमीच्या औषधाने जात नाहीत. म्हणून 'जंतांचं औषध दिलं तरी जुलाब का' याचं उत्तर बऱ्याचदा तिथे सापडतं. लस न झालेलं पिल्लू, जुलाबासोबत उलटी, खाणं बंद, असं असेल तर तो पॅनल्युकोपेनिया धरूनच पळायचं.

१७. शिंका आणि डोळ्यांतून चिकट पाणी. सर्दीच आहे ना?

बहुधा हर्पिस किंवा कॅलिसी. डोळे स्वच्छ आणि स्राव पाण्यासारखा असेल, पिल्लू खात असेल, तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने डोळे-नाक पुसत राहा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. नाक बंद झालं की मांजराला वास येत नाही आणि वास नाही तर ते खात नाही, म्हणून खाणं कोमट करून द्या. पिवळा-हिरवा स्राव, डोळा मिटून ठेवणं, बुबुळावर ढगाळपणा, तोंडात फोड यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

घरात पडलेले माणसांचे डोळ्यांचे थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जातो. हर्पिस अंगात कायम दडून राहतो, ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो; घर बदलल्यावर आठवड्याभरात शिंका सुरू होतात त्या यामुळेच.

१८. कानात काळी घाण, अंगावर गोल टक्कल. दोन्ही संसर्गजन्य आहे का?

कॉफीच्या चोथ्यासारखी घाण आणि सतत कान खाजवणं म्हणजे कानातले माइट्स, अगदी बारीक किडे. इतर मांजरांना आणि कुत्र्यांना लागतात, माणसाला क्वचितच त्रास देतात. कापसाची काडी आत घालू नका.

गोल, खवलेदार टक्कल म्हणजे बहुतेक गजकर्ण. ही बुरशी आहे आणि माणसांना, विशेषतः लहान मुलांना, सहज लागते. पिल्लू एका खोलीत, हात साबणाने धुणं, केस रोज झाडून-पुसून काढणं. चट्टा भरून आला म्हणजे बुरशी गेली असं नसतं, औषध डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत चालू ठेवायचं.

१९. घरात गरोदर बाई आहे. पिल्लू ठेवावं का?

ठेवा. टोक्सोप्लाझ्मा हा मांजराच्या शीतून पसरणारा, गर्भाला धोका असणारा परजीवी; त्याची भीती अवास्तव वाढवलेली आहे. संसर्ग झालेलं मांजर त्याची अंडी सहसा आयुष्यात एकदाच, थोडे आठवडे, शीतून टाकतं, आणि ती अंडी बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनीच संसर्ग करू शकतात. लिटर रोज साफ केलं की धोका खूप कमी होतो; ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं, नाहीतर हातमोजे घालून. पिल्लाला कच्चं मांस देऊ नका. कच्चं मांस हाताळणं आणि न धुतलेल्या भाज्या यांतूनही हा संसर्ग होतो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

२०. पिल्लाने चावलं, बोचकारलं. एवढ्याशा पिल्लाला रेबीज कसा असेल?

असू शकतो. लहान आहे म्हणून सूट नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवा. पिल्लू कुठून आलं, लस झाली का, हे सांगा. हळद, तेल, चुना काही लावू नका. पिल्लू ठीक दिसतंय म्हणून लस घ्यायची की नाही हे स्वतः ठरवू नका.

२१. घरातलं काय काय विषारी आहे?

पॅरासिटामॉल सर्वात आधी. तापासाठी लहान मुलांचं औषध 'थोडंसं' दिलेली पिल्लं दगावतात. एक गोळी मोठ्या मांजरालाही मारू शकते. आयबुप्रोफेनही तसंच. लिली: पानं, फुलं, अंगावर पडलेले परागकण चाटणं, फुलदाणीतलं पाणीसुद्धा, मूत्रपिंडं निकामी होतात. कांदा आणि लसूण, शिजवलेलेही. डांबरगोळ्या. फिनाइलने पुसलेली ओली फरशी, कारण पिल्लू त्यावरून चालतं आणि पाय चाटतं. टी ट्री आणि तत्सम सुगंधी तेलं. विष पोटात गेलं असेल तर घरी ओकारी काढायला जाऊ नका, वेष्टन सोबत घेऊन निघा.

दोरा, लोकर, रिबन हेही याच यादीत. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं चिरतं. तसंच डॉक्टरांकडे न्या.

२२. घरात आधीचं मांजर आहे. ओळख कधी करून द्यायची? आणि मागचं पिल्लू पॅनल्युकोपेनियाने गेलं असेल तर?

पहिले दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं लिटर. आधी मोठ्या मांजराचं करा, मग पिल्लाचं, मग हात धुवा. या दोन आठवड्यांत शिंका, गजकर्ण, जुलाब जे काही यायचं ते बहुधा वर येतं.

पॅनल्युकोपेनिया झालेल्या घराचं वेगळं आहे. तो विषाणू घरात वर्षभरही टिकतो, नेहमीच्या फिनाइलने किंवा साबणाने मरत नाही. आधी घाण पूर्ण धुऊन काढा, मग साधं घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी बत्तीस भाग असं मिश्रण दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर स्वच्छ पाण्याने धुवा. गाद्या, चढायचे खांब, सच्छिद्र लाकूड टाकून द्या. अशा घरात लहान पिल्लू आणूच नका. सोळा आठवड्यांनंतरचा डोस पूर्ण झालेलं मांजर आणा.

२३. पिल्लू डुलत, पाय फाकवून चालतं, डोकं हलतं. पण खातं, खेळतं. काय असेल?

जन्मापासून, म्हणजे चालायला लागल्यापासून असंच असेल आणि वाढत नसेल, तर आई गाभण असताना तिला पॅनल्युकोपेनियाचा संसर्ग होऊन पिल्लाचा लहान मेंदू पुरता वाढला नाही, अशी शक्यता मोठी आहे. हे दुखत नाही, पसरत नाही, आयुष्यही कमी होत नाही. बुटक्या कडांचं लिटर, न घसरणारी चटई आणि जिन्याला अडसर, एवढ्यावर अशी मांजरं छान राहतात. आधी नीट चालणारं पिल्लू अचानक डुलू लागलं तर मात्र ती आणीबाणी आहे: विष, मार किंवा कानाच्या आतला संसर्ग.

२४. चाचणीत एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) पॉझिटिव्ह आलंय. सोडून द्यावं लागेल का?

नाही, आणि अजून निदानही झालेलं नाही. ही चाचणी विषाणू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते, आणि ती आईच्या दुधातून आलेली असू शकतात. पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा चाचणी करा. त्यात बरीच पिल्लं निगेटिव्ह निघतात.

ल्युकेमियाच्या चाचणीचं उलटं आहे. ती विषाणूचाच अंश शोधते, त्यामुळे आईच्या प्रतिपिंडांनी गोंधळ होत नाही, पण नुकताच संसर्ग झाला असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते. पिल्लू कुठल्या मांजरांत वाढलं माहीत नसेल तर महिन्याभराने पुन्हा करून घ्या, आणि तोवर आधीच्या मांजरापासून वेगळंच ठेवा.

२५. नसबंदी कधी? एक तरी वेत होऊ द्यावं म्हणतात.

पहिलं वेत झाल्याने मांजरीच्या तब्येतीला काही फायदा होत नाही. मादी चार महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते आणि गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो, म्हणजे पाऊण वर्षाच्या आतच ती आई होऊ शकते. चार-पाच महिन्यांच्या सुमारास शस्त्रक्रिया करून घ्या. माज सुरू होण्याआधी केली तर स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही बराच घटतो. भाऊ-बहीण एकत्र आणले असतील तर तारीख आधीच घेऊन ठेवा, नातं त्यांना कळत नाही.

बोक्याचे दोन्ही अंड उतरले आहेत का ते आधी तपासतात. एकच उतरला असेल तर दुसरा पोटात असतो आणि तोही काढावाच लागतो. शस्त्रक्रियेआधी पिल्लाला मोठ्या मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवू नका. शेवटचं खाणं किती वाजता द्यायचं ते डॉक्टरांना विचारून लिहून घ्या, आणि त्या सकाळचं वजनही त्यांना सांगा, भुलीचं प्रमाण त्यावरच काढतात.